उपग्रह आकाशात, गाडी शेतात

गाडीच्या टॉप मॉडेलात दोन गोष्टी हमखास मिळतात: सनरूफ आणि नेव्हिगेशन. पहिल्यातून पोरं डोकं बाहेर काढतात, दुसऱ्यासमोर बाप डोकं धरून बसतो. सनरूफ निदान पावसाळ्यात गळून आपण आहोत हे दाखवून देतं. कंपनीने बसवून दिलेलं नेव्हिगेशन मात्र वर्षभरात गाणी लावायच्या कामाला जुंपलं जातं, आणि रस्ता दाखवायला त्याच दहा इंची स्क्रीनशेजारी स्वस्तातल्या होल्डरमध्ये अडकवलेला फोन येऊन बसतो. कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं. "ते होय? ते चालत नाही."

चालत नाही म्हणजे नक्की काय होतं, हे ना मालक सांगत, ना सर्व्हिस सेंटरवाला विचारत. गाडी भलत्याच ठिकाणी दाखवतं? रस्ता चुकीचा सांगतं? पत्ता सापडत नाही? बोलतच नाही? की सगळं ठीक आहे आणि गाडी घेतल्यापासून कुणी सेटिंगचं पान उघडलेलंच नाही? इतक्या वेगवेगळ्या दुखण्यांवर आपल्याकडे उपाय एकच. सर्व्हिसिंगला गाडी जाईल तेव्हा बघू.

आणि तिथे बघतात ते असं.

"नॉर्मल आहे सर हे."

"अहो, गाडी खाडीत दाखवतंय."

"नेटवर्कचा इश्यू असेल सर. सगळ्याच गाड्यांना येतो."

"मग?"

"सॉफ्टवेअर अपडेट मारून देतो."

संध्याकाळी गाडी धुऊन, आतून पुसून, टायरला पॉलिश लावून परत मिळते. स्क्रीनवर ती अजून खाडीतच असते, फक्त आता चकचकीत असते. जॉबकार्डावर 'नेव्हिगेशन तपासले, ओके' असा शेरा असतो आणि खाली तुमची सही असते.

तेव्हा जरा आपणच बघू. सुरुवात त्या 'नेटवर्क'पासूनच करावी, कारण ती सरळसरळ थाप आहे. आपण कुठे आहोत हे कळायला गाडीतल्या नेव्हिगेशनला मोबाइलची रेंज लागत नाही. लागतं ते मोकळं आकाश. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि त्यातल्या निदान चारांचा आवाज एकाच वेळी ऐकू आला तर तुमचं ठिकाण ठरतं. तो सिग्नल निघतानाच त्याची ताकद घरातल्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. तिथून तो यायचा तुमच्या टपावरच्या नाहीतर डॅशबोर्डखाली दडवलेल्या अँटेनापर्यंत. आणि वाटेत आपण काय काय मांडून ठेवतो?

ऊन नको म्हणून पुढच्या काचेला धातूचा मुलामा असलेली फिल्म. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये बंदी घातली, तरी ॲक्सेसरीच्या दुकानात तुम्हाला कुणी नाही म्हणत नाही. चौकातला हवालदार दंड करतो तेव्हा तो कशाचा हे तरी कळतं. धातूवाली फिल्म सिग्नल अडवते आणि शिक्षा मुकाट्याने होते. त्यात भर म्हणून सेलमध्ये स्वस्तात मिळालेला डॅशकॅम, आणि लायटरच्या भोकात खुपसलेला त्याहून स्वस्त चार्जर. या दोघांच्या आतल्या फालतू सर्किटमधून रेडिओलहरींची खरखर निघते आणि अँटेनाजवळ बसून ती त्या दमल्याभागल्या सिग्नलला गिळून टाकते. डॅशबोर्डवरच्या गणपतीला हलवा असं मी म्हणणार नाही, मला याच शहरात राहायचं आहे. चार्जर आणि कॅमेरा मात्र काढून, मोकळ्या मैदानात पाचदहा मिनिटं गाडी उभी करून बघा. मेन्यूत कुठेतरी खोलवर 'जीपीएस माहिती' असलं पान बहुतेक गाड्यांत असतं. किती उपग्रह सापडले ते तिथे दिसतं. आकाश मोकळं, आडवं काही नाही आणि तरी आकडा शून्य, तर दोष अँटेनाचा किंवा तिच्या वायरीचा. पुढची काच बदलल्यानंतर किंवा ॲक्सेसरीवाल्याने डॅशबोर्ड उचकटल्यानंतर हे सुरू झालं असेल तर वायरीचा पिन सुटलाय, एवढं सांगायला इंजिनिअर लागत नाही. सर्व्हिस सेंटरला 'नेव्हिगेशन बघा' म्हणू नका, 'जीपीएस अँटेनाचा कनेक्टर बघा' म्हणा. ॲडव्हायझरचा चेहरा बदलतो.

मॉलच्या तळघरातून बाहेर पडताच गाडी उलटी दाखवतं, ही आणखी एक लोकप्रिय तक्रार. दोन मजले जमिनीखाली तीन तास उभ्या असलेल्या गाडीला वर आल्याआल्या आकाश नव्याने शोधावं लागतं. प्रत्येक उपग्रह स्वतःच्या जागेची बारकाईची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचं मिळून वेळापत्रक पूर्ण ऐकायचं तर साडेबारा मिनिटं लागतात. आपण तिकिटाचा अडथळा ओलांडून सातव्या सेकंदाला डावीकडे की उजवीकडे विचारतो, मागचा हॉर्न देतो, आणि दोष अंतराळाला.

आपले स्वतःचे उपग्रह आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. 'नाविक' नावाच्या आपल्या व्यवस्थेचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 ला गेला, पुढे त्याचीच अणुघड्याळं बंद पडली. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह ऑगस्ट 2017 मध्ये उष्णतारोधक कवच न उघडल्याने आतच अडकला. जानेवारी 2025 मध्ये गेलेला ठरल्या कक्षेपर्यंत पोचला नाही. पण चारपाच वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्यांतल्या युनिटला 'नाविक'ची भाषाच कळत नाही. त्यामुळे पुण्यात वाकडेवाडीला चुकलेल्या वळणासाठी इस्रोला बोल लावता येणार नाही.

बोगद्याचं मात्र कंपनीच्या बाजूने बोललं पाहिजे. आत सिग्नल नसतोच, मग तो एक्सप्रेसवेवरचा भाताणचा बोगदा असो की मुंबईच्या सागरी किनारा मार्गावरचा दोन किलोमीटरचा. फोन तिथे गोंधळतो. गाडीतली यंत्रणा चाकांच्या फेऱ्या मोजते, वळलात किती हे आतल्या जायरोस्कोपला विचारते आणि अंदाजाने बाण पुढे सरकवत राहते. ही खरी हुशारी आहे. पण तिचं गणित कंपनीने दिलेल्या टायरवर बांधलेलं असतं. रुबाबासाठी मोठी अलॉय आणि रुंद टायर चढवलेत की चाकाचा घेर बदलला, मोजणी चुकली, आणि बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत बाण मागे नाहीतर पुढे. बॅटरी बदलल्यावरही काही गाड्या दिशा विसरतात. मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ सरळ, थोडी वळणं घेत चालवली की बहुतेक वेळा आपोआप ताळ्यावर येतात. नाही आल्या तर मेन्यूत कॅलिब्रेशन असतं.

उड्डाणपुलांना मात्र उत्तर नाही. तुम्ही मुंबईत जे. जे. पुलावरून चाललात की खालच्या मोहम्मद अली रोडवरून, हे उंचीवरून ओळखणं बऱ्याच यंत्रणांना धड जमत नाही. वरून जाणाऱ्याला 'उजवीकडे वळा' हा आदेश मिळतो. कठडा आहे, म्हणून वाचतो.

घड्याळाचं प्रकरण तर सुंदर. 1 जानेवारी 2022 ला जगभरातल्या जुन्या होंडा आणि अक्युरा गाड्यांच्या नेव्हिगेशनमधलं घड्याळ एकदम 2002 सालात गेलं. जीपीएसमध्ये आठवडे मोजायचा मूळ आकडा 1,024 ला संपतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. साडेएकोणीस वर्षांच्या आसपासचा हा फेरा आवरायला युनिटच्या आत काही हिशेब घालावा लागतो, तो तिथे संपला. मालकांनी फ्यूज काढले, बॅटऱ्या सोडल्या, सेटिंग बदलली. कंपनीचं उत्तर असं की ऑगस्टमध्ये आपोआप नीट होईल, तोवर थांबा. आणि ऑगस्टमध्ये खरोखरच झालं. आठ महिने काहीही न करणं हा अधिकृत उपाय म्हणून मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला आपल्या महापालिकांतच सापडतं.

असो. सिग्नलचे दोष किरकोळ म्हणायचे, कारण खरं दुखणं आहे ते नकाशाच्या वयाचं.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा 5 जून 2025 ला. आता 2021 ची गाडी आणि तिच्यातला 2021 चाच नकाशा घेऊन या रस्त्यावर चढा. बाहेर सहापदरी काँक्रीट मागे पळतंय, काटा 120 वर आहे, आणि स्क्रीनवर रस्ताच नाही. बाण कोऱ्या रानातून, नाले आणि बांध तुडवत निघालाय. आतली बाई आधी शांतपणे, मग हट्टाने सांगते, शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या. दर दोन मिनिटांनी. मागच्या सीटवरच्या सासूबाई म्हणतात, "ती एवढी सांगतेय तर ऐका की हो एकदा."

पुण्याचा चांदणी चौक तसाच. जुना पूल ऑक्टोबर 2022 मध्ये स्फोट करून पाडला (म्हणजे स्फोट वेळेवर झाला, उरलेला पूल मशिनने उकरून काढावा लागला), नवा उड्डाणपूल आणि त्याच्याभोवतीचे जोडरस्ते ऑगस्ट 2023 मध्ये खुले झाले. ते जोडरस्ते पाट्या वाचूनही कळत नाहीत, तिथे जुन्या नकाशाने काय दिवे लावायचे? तो अजून पाडलेल्या पुलावरून तुम्हाला मुळशीला नेतो आहे.

नावांचंही तेच. औरंगाबाद आणि उस्मानाबादची छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली 2023 मध्ये, अहमदनगरचं अहिल्यानगर 2024 मध्ये. जुन्या नकाशात नवं नाव टाकलं की 'सापडत नाही' असं उत्तर येतं. तिथे वाद घालू नका, जुनं नाव टाका. यंत्राला राजकीय भूमिका नसते, फक्त आवृत्ती असते.

मग नकाशा अपडेट का करत नाही? करून बघा. गाडीच्या युनिटमध्ये एसडी कार्ड असतं, ते त्या एका युनिटला बांधलेलं. मित्राच्या नव्या गाडीतून कॉपी करून आणलेलं कार्ड ते ओळखही देत नाही. कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकायचा, कित्येक जीबीची फाइल उतरवायची, ती पेनड्राइव्हवर घ्यायची. पेनड्राइव्ह फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला नसेल तर गाडी तो वाचत नाही. आणि फॅट-32 मध्ये 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, म्हणून कंपनीने केलेले तुकडे जसेच्या तसे, त्याच फोल्डरमध्ये ठेवायचे. 'न्यू फोल्डर'च्या आत ठेवलेत की संपलं. अपडेट कार्डावरून असेल तर त्याच्या कडेला एक इवलीशी पांढरी खिट्टी असते, ती लॉककडे सरकलेली असेल तर अपडेट नाही म्हणून सांगतं, का ते सांगत नाही. सगळं जमलं की मग चालू इंजिनावर अर्धा-पाऊण तास, कधी जास्तच. बंद पार्किंगमध्ये हे करू नका, धूर जिवावर बेततो. इंजिन बंद ठेवून केलंत तर बॅटरी अर्ध्यात मान टाकते आणि युनिटही सोबत घेऊन जाते. सोपा मार्ग हाच की लांबच्या प्रवासात गाडी चालू असताना पेनड्राइव्ह लावून द्यायचा, कंपनीची तशी परवानगी असेल तर. ही परवानगी मॅन्युअलमध्ये असते. मॅन्युअल डिकीत, स्टेपनीच्या खाली असतं. अजून प्लास्टिकच्या पिशवीत.

हे सगळं शोरूमने करून द्यायला हवं की नाही? हवं. विचारलं की कुणी सांगतं मोफत मुदत संपली, कुणी कार्डाची किंमत अशी सांगतं की त्यात नवा फोन यावा, आणि कुणी प्रांजळपणे म्हणतो, "सर, आता कोण वापरतं ते?" हा तिसरा मला सगळ्यांत आवडतो. टॉप मॉडेल विकताना याच माणसाने बोट लावून थ्रीडी इमारती दाखवल्या होत्या.

तसं जुन्या नकाशाचं दुखणं जुनंच आहे. होंडाने 1981 मध्ये जपानात गाडीत बसवलेल्या पहिल्या यंत्रात उपग्रह नव्हताच. जायरोस्कोप दिशा धरायचा आणि पडद्यासमोर पारदर्शक फिल्मवरचा छापील नकाशा सरकवायचा. 1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या 'एटाक' कंपनीने नकाशे कॅसेटवर आणले. माझदाने 1990 मध्ये जीपीएस गाडीत घातलं. फिल्म गेली, कॅसेट गेली, सीडी गेली. रस्ता बदलला की गिऱ्हाइकाने पुन्हा पैसे मोजावेत, ही कल्पना तेवढी टिकली.

आता सेटिंग. इथे कंपनी निर्दोष आहे आणि घरातलं कुणीतरी दोषी. 'टोल टाळा' या चौकटीत एकदा खूण केली, बहुधा एखाद्या बचतीच्या झटक्यात, की मग ती यंत्रणा इमानदारीने प्रत्येक वेळी टोल टाळते. मुंबईला जाताना एक्सप्रेसवे सोडून जुन्या घाटात, नगरला जाताना कुठल्याशा साखर कारखान्याच्या मागून, ऊस भरलेल्या ट्रॅक्टरच्या पाठीशी. 'सर्वांत जवळचा' आणि 'सर्वांत लवकरचा' हेही दोन वेगळे पर्याय आहेत. जवळचा निवडलात तर तो किलोमीटर वाचवतो, मणके नाही. कोकणात 'फेरी टाळा' ही खूण बघा. ती असेल तर दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ-धोपावे फेरीबोट यंत्राच्या हिशेबी अस्तित्वातच नसते, खेड-चिपळूण असा भला मोठा वळसा नशिबी येतो. आणि नसेल तर रात्री अकरा वाजता ते तुम्हाला धक्क्यावर आणून उभं करतं आणि सरळ जा म्हणतं. बोटीचं वेळापत्रक त्याला माहीत नसतं. सरळ जाऊ नये.

पत्ता शोधणं हा मात्र मराठी माणसाच्या सहनशीलतेचा खास पेपर आहे. जुन्या यंत्रणा आधी राज्य मागतात, मग शहर, मग रस्ता, मग घर क्रमांक. आपला पत्ता असतो 'मारुतीच्या देवळासमोर, जोशी क्लिनिकच्या वर'. वडगाव टाका. मावळातलं? शेरी? बुद्रुक? खुर्द? कोल्हापूरकडचं पेठ वडगाव? शिवाय इंग्रजीत व्ही की डब्ल्यू? यादीत पहिलं दिसलं त्यावर बोट ठेवून निघालेला माणूस लग्नाला वेळेवर पोचतो, पण दुसऱ्याच्या. जेवण झाल्यावर लक्षात येतं. (आहेर परत मागता येत नाही.) गावाच्या नावापुढचा तालुका वाचा आणि निघण्यापूर्वी एकूण अंतर बघा. वीस किलोमीटरवरच्या गावाला दोनशे दहा दाखवत असेल तर दोष वडगावचा आहे.

यावर एक रामबाण उपाय बहुतेक युनिटांत असतो आणि तो कुणी वापरत नाही. अक्षांश-रेखांश टाका. फोनवर ठिकाणावर बोट दाबून धरलं की दोन आकडे मिळतात. फक्त यंत्र दशांश मागतंय की अंश-मिनिटं, हे बघून घ्या. पुण्याचा अक्षांश 18.52 आहे. तो 18 अंश 52 मिनिटं म्हणून टाकलात तर सुमारे 38 किलोमीटर उत्तरेला सरकलात. शनिवारवाड्याला निघून राजगुरुनगरच्या अंगाला उतराल. डाक विभागाने 2025 मध्ये 'डिजिपिन' आणला आहे, देशाच्या प्रत्येक चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी खूण. कल्पना उत्तम. तुमच्या गाडीतलं यंत्र तो समजून घेईल तेव्हा गाडी भंगारात गेलेली असेल.

बाकीचं भराभर उरकू. बोलणं बंद झालं असेल तर बाई बोलत असतानाच आवाज वाढवून बघा. तिचा आवाज गाण्यापेक्षा वेगळा धरलेला असतो आणि ती बोलत असतानाच बटण फिरवलं तर तो बदलतो. कधीतरी फोनवर बोलताना तुम्हीच तिला गप्प केलेलं असतं. स्क्रीन गोठली तर पॉवरचं बटण दहापंधरा सेकंद दाबून धरा, गाडी थांबवून. लाइव्ह ट्रॅफिक दिसेनासा झाला असेल तर मोफत इंटरनेटची मुदत संपली का बघा. नकाशा तेवढा चालू राहतो आणि गर्दीचे लाल रंग जातात, म्हणजे सगळं शहर अचानक मोकळं दिसू लागतं. फोन जोडून स्क्रीनवर नकाशा आणायचा असेल आणि तो सारखा तुटत असेल तर आधी केबल बदला. केवळ चार्जिंगची केबल डेटा नेत नाही, आणि फोनच्या भोकात खिशातला कापूस साठलेला असतो. जुनी गाडी घेतली असेल तर मागच्या मालकाचं 'घर' आणि 'ऑफिस' पुसून टाका. आणि तिसरं एखादं नाव नसलेलं, वरचेवर भेट दिलेलं ठिकाण दिसलं तर ते वाचूही नका. स्वतःची विकताना तर हे आधी करा.

सगळं दुरुस्त झालं तरी एक गोष्ट यंत्राला कधीच कळत नाही. पावसाळ्यात वरंधा घाट बंद ठेवायचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, तो नकाशापर्यंत वेळेत पोचेलच असं नाही. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळ धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर फोनच्या नकाशाने रात्री गाडी नेली आणि एकाचा बुडून जीव गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये बरेलीजवळ पुराने तोडलेल्या रामगंगेवरच्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. दोन्हीकडे चर्चा नकाशाची झाली. तुटलेल्या किंवा बुडालेल्या पुलाच्या तोंडाशी गाडी अडेल असा बांध घालायचं काम कोणत्याही उपग्रहाकडे दिलेलं नव्हतं. ज्यांच्याकडे होतं त्यांचा पगार नकाशा अपडेट करून मिळत नाही, एवढंच म्हणतो. रात्री अनोळखी रस्ता एकाएकी अरुंद, निर्जन झाला आणि समोर पाणी दिसलं तर गाडी थांबवायची, दिवे चालू ठेवायचे, मागे फिरायचं, आणि मागच्या टपरीवर विचारायचं. "सरळ जावा, मग खालच्या अंगाला वळा," यातलं खालचं अंग कुठलं हे कळायला वेळ लागतो, पण सांगणाऱ्याने तो पूल या पावसाळ्यात पाहिलेला असतो.

आणि तरीही गाडीतलं नेव्हिगेशन मोडीत काढू नका, असंच माझं मत. ताम्हिणीत रेंज गेली की काचेवरचा फोन, आधी नकाशा उतरवून ठेवला नसेल तर, कोरा होतो. गाडीतला नकाशा पोटातच असतो, तो चालत राहतो. तो उन्हात तापून बंद पडत नाही, त्याची बॅटरी संपत नाही, ऐन वळणावर बँकेचा फोन येऊन तो झाकला जात नाही. वस्तू चांगली आहे. विकणाऱ्याने ती विकल्यावर वाऱ्यावर सोडली आहे, आणि घेणाऱ्याने ती विचारायची सोडली आहे.

म्हणून नव्या गाडीच्या बुकिंगला जाल तेव्हा फ्लोअर मॅट आणि चांदीचं नाणं मागण्याआधी तीन प्रश्न विचारा. नकाशा कोणत्या महिन्याचा आहे? किती वर्षं मोफत ताजा करून मिळेल? तो टाकून देणार कोण, तुम्ही की मी? आणि टेस्ट ड्राइव्हला निघताना सेल्समनच्या आवडत्या रस्त्यावर नको, तुमच्या गल्लीचा पत्ता टाकून घरी या. उत्तरं बुकिंगच्या कागदावर, शिक्क्यासह लिहून घ्या. नाही म्हणाले तर खालचं मॉडेल घ्या.